पंचवीस पॅक्सचा ख्रिसमस

ख्रिसमसचं जेवण कुठल्या हॉटेलात घ्यायचं, हे ठरवायला मला सोळा दिवस लागले. ज्या माणसासाठी ते जेवण होतं, तिला विचारायला मात्र वेळ मिळाला नाही.

ती माझी सून, लविना. माहेर वसईचं. ठाण्यातल्या एका ऑफिसात ती आणि माझा मुलगा नितीन शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे, आणि बसता बसता दोघांनी परस्पर लग्न ठरवून टाकलं. त्याला आता सात वर्षं होत आली. दोघं शेलूला फ्लॅट घेऊन राहतात. सोबत माझी नात रुही. वय पाच, आवाज पन्नास जणांचा. मी, माझी बायको सुमन आणि माझी थोरली बहीण अक्का, आम्ही तिघं पळसदरीला. मी साजगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. म्हणजे नटबोल्ट मोजत होतो. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हापासून मी माणसांच्या मागं लागलोय, असं सुमनचं म्हणणं.

मुलाच्या लग्नाला मी गेलो होतो. (तोंड घरी ठेवून गेलो होतो, हे नंतर फोटो बघून कळलं.) पण त्यानंतर वसईला पाय म्हणून ठेवला नाही. लविनाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मार्थाबाई, दर डिसेंबरात न चुकता फोन करायच्या.

"ठोंबरेदादा, यंदा तरी येताय ना ख्रिसमसला? वहिनींना आणि अक्कांनाही घेऊन या. राहायलाच या."

मी त्यांना कधीच नाही म्हणालो नाही. फक्त गेलो नाही. पहिल्या वर्षी माझं पोट बिघडलं. दुसऱ्या वर्षी गाय व्याली. तिसऱ्या वर्षी पुन्हा पोट. चौथ्या वर्षी "अक्काला चालायचं नाही हो, जुन्या वळणाची आहे," म्हणून अक्काचं नाव पुढं केलं. पाचव्या वर्षी गाय पुन्हा व्याली. (ती आम्ही तीन वर्षांपूर्वीच विकली होती!) सहाव्या वर्षी मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "पोट ना, दादा? जपा हो."

आणि नितीनबरोबर डबा पाठवला. दर वर्षीच पाठवायच्या. फुगे, करंजीसारख्या नेवऱ्या, केक. मी "पोरांना द्या, मला नको असलं काही," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचो आणि दुपारी घर झोपलं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा डबा संपवायचो. ते फुगे! पिठाचे तळलेले गोळे, पण इतके हलके की सातवा खाल्ला तरी पहिलाच वाटावा. डबा धुवून परत पाठवताना तो रिकामा जाऊ नये म्हणून सुमन त्यात तांदूळ भरायची. मी साधा "छान झालं होतं" एवढा निरोपही कधी भरला नाही.

का गेलो नाही? खरं सांगतो, आता लपवून काय करायचंय. भीती वाटायची. तिथं काय वाढतील, कसं बसायचं, प्रार्थना चालू झाली तर हात जोडायचे की खिशात ठेवायचे, आणि पळसदरीत कुणी विचारलं तर काय सांगायचं. एवढंच. एवढ्यावर सहा वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात मार्थाबाई गेल्या. आजारी होत्याच, पण इतक्या लवकर जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं. नितीनचा सकाळी फोन आला तेव्हा मी तापानं फणफणलो होतो. सुमन आणि अक्का निघाल्या. मी अंथरुणातून म्हणालो, "मला खरंच ताप आहे गं." सुमननं माझ्याकडे एकदा बघितलं, कपाळाला हात लावला, आणि ताप आहे हे कळल्यावरही तिच्या चेहऱ्यावरचा भाव काही बदलला नाही. सहा वर्षं पोटदुखीची सोंगं केलेल्या माणसाच्या तापावर कोण विश्वास ठेवणार! त्या दिवशी मी एकटा घरात पडून होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वसईला जावंसं वाटत होतं.

लविनाचे वडील ती लहान असतानाच वारले होते. एक भाऊ, तो आखातात. म्हणजे वसईच्या घराला आता कुलूप. दिवाळीला लविना आमच्याकडे आली, पणत्या लावल्या, करंज्या लाटल्या, पण बोलेना. पोळपाटावरची पारी उचलायची विसरून नुसती बघत बसायची. सुमन तिच्या पाठीवरून हात फिरवायची. मी बाहेर जाऊन उगाच झाडांना पाणी घालायचो.

तेव्हा मी ठरवलं. यंदाचा ख्रिसमस आपण करायचा! दणक्यात! आणि सहा वर्षं काहीच न करणारा माणूस एकदम करायला उठला की तो प्रमाणाबाहेरच करतो. खोपोलीच्या बाजूला ते मोठं थीम पार्क आहे. तिथं ख्रिसमसला रोषणाई असते, सांताक्लॉज फिरतो, आत पाचसहा हॉटेलं आहेत. तिथं सगळ्यांनी जेवायचं. रुहीला पाळणे, लविनाला ख्रिसमस, आणि मला... मला काय, ते तेव्हा मलाही नीट कळत नव्हतं.

नितीनला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, पण त्या दिवशी लविनाच्या मनात..."

"गप! तिला सांगू नकोस. सरप्राइज आहे!"

"अहो, पण ती म्हणत होती की..."

"नितीन, मी सगळं बघतो," म्हणून मी फोन ठेवला. तीस वर्षांत मला कुठल्याही कामगाराचं वाक्य पूर्ण ऐकून घ्यायची सवय नव्हती; ती निवृत्तीनंतर कुठून लागणार?

आता हॉटेल ठरवायचं. मी जुन्या सवयीनं एक वही घेतली, पानावर रकाने आखले, आणि घरातल्या प्रत्येकाची मागणी लिहून घ्यायला बसलो.

"सुमन, तुझं काय?"

"मला पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी. बाकी काय वाढाल ते खाईन."

"अक्का?"

अक्का भाजी निवडत होती. "वार कुठला हाय?"

"गुरुवार."

"मंग माझा गुरुवार हाय." अक्का गुरुवारी अंड्याचं नुसतं नाव ऐकलं तरी चूळ भरते.

रुहीनं फोनवरून सांगितलं, की जिथं सांता जेवतो तिथंच तिला जेवायचंय. (सांता कुठं जेवतो, हे थीम पार्कच्या फोनवरल्या मुलीलाही माहीत नव्हतं. मी विचारलं होतं.)

मग एकेक हॉटेल काढायला लागलो. एक होतं जंगलासारखं सजवलेलं. तिथं बसायला म्हणे लाकडाचे ओंडके, म्हणजे सुमनची पाठ गेली. एक आगगाडीच्या डब्यासारखं. तिथं नुसते बर्गर, आणि त्यातला कुठला अक्काला चालेल हे विचारता विचारता फोन कटला. एक शुद्ध शाकाहारी थाळीचं. ते अक्काला पसंत. पण ख्रिसमसला लविनाला पानात कढी आणि आळूवडी वाढायची? मलाच कसंतरी वाटलं. शेवटी राहिलं राजवाड्यासारखं एक मोठं हॉटेल. शाकाहारी-मांसाहारी काउंटर वेगळे, गादीच्या खुर्च्या, ख्रिसमसचं खास जेवण, केक, टोप्या, आणि सांता प्रत्येक टेबलापाशी येऊन जाणार. वहीत सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण! लविनाचा रकाना तेवढा कोरा होता. तिला विचारलं नव्हतं ना, सरप्राइज होतं!

आता बुकिंग. पळसदरीत आमच्या घरात फोनला रेंज येते ती बाथरूमच्या खिडकीत किंवा धरणाच्या भिंतीवर. बाथरूममधून ख्रिसमसचं बुकिंग करणं बरं दिसेना, म्हणून मी भिंतीवर गेलो. वारा भन्नाट. पलीकडून एक मुलगी बोलत होती, मधूनमधून खरखर.

"सर, किती...?"

मला वाटलं, कितीला, म्हणजे कुठल्या तारखेला. मी ओरडलो, "पंचवीस!"

"पंचवीस, सर? नक्की?"

"अहो बाई, पंचवीसच! दर वर्षी पंचवीसच असतो!"

"ओके सर. आणि तारीख?"

"तारीख? ख्रिसमसची! आताच सांगितलं ना!"

"ओके सर, ओके. नाव?"

"ठोंबरे!"

पाच मिनिटांत मेसेज आला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, 'ठोंबरे, २५ पॅक्स, कन्फर्म.' मी सुमनला अभिमानानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पॅक्स म्हणजे काय हो?"

"पॅक्स म्हणजे पक्कं," मी म्हणालो. "पंचवीस तारीख, पक्कं."

नितीनला दाखवलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण मला सगळं एकट्यानं करायचं होतं ना!

दोन दिवस आधी सरप्राइज पोटात मावेना, म्हणून मीच लविनाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, बाबा."

त्या "बरं"मध्ये काय होतं, ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं. ओळखलं नाही. मला वाटलं, आनंदानं गळा दाटला असेल.

पंचवीसला शेजाऱ्यांची ईको गाडी मागून घेतली, नितीन चालवायला बसला, आणि आम्ही सहा जण निघालो. रुही पार्कमध्ये पोचताच जी किंचाळायला लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही. लविना तिच्याबरोबर पाळण्यात बसली, फोटो काढले, हसलीही. पण फोटो काढून झाला की हसू लगेच उतरायचं, पाहुणे गेल्यावर दिवाणखान्यातला दिवा मालवावा तसं.

बारा वाजता भूक लागली आणि घरातली एकी संपली. राजवाडा पार्कच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता. वाटेत जंगल लागलं, त्याच्या दारात खरोखरीचा सांता उभा!

"आजोबा, सांता इथं आहे! इथंच जेवायचं!"

"आपला सांता पुढं आहे, बेटा."

"तो खोटा असेल!"

आगगाडी लागली तेव्हा सुमन म्हणाली, "अहो, इथं खुर्च्या दिसतायत. बसू या ना. माझा गुडघा बोलायला लागलाय."

"बुकिंग आहे सुमन! पक्कं बुकिंग!"

थाळीच्या हॉटेलातून फोडणीचा वास आला आणि अक्का थांबलीच. "दत्ता, मी हितं जेवते. तुमी जाऊन या."

"अक्का, कुटुंबाचं जेवण आहे. सगळ्यांनी एकत्र..."

"आरं पन मला चालवत नाय!"

शेवटी अक्काला नितीननं एका हातानं आधार दिला, सुमननं दुसऱ्या बाजूनं लविनाचा खांदा धरला, रुही रडत रडत माझ्या सदऱ्याला लोंबकळत होती, आणि मी मेसेज उघडलेला फोन पुढं धरून चाललो होतो. राजवाड्याच्या दारात ही लांबलचक रांग. मी रांग ओलांडून थेट पुढं गेलो. (त्यासाठी चार जणांनी मला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.)

"ठोंबरे," मी मॅनेजरला म्हणालो. "बुकिंग आहे."

मॅनेजर तरुण माणूस होता. त्याचा चेहरा उजळला. "या, या सर! आम्ही वाटच बघत होतो!" आणि त्यानं आम्हाला आत नेलं.

हॉलच्या मधोमध एक टेबल होतं. टेबल कसलं, रस्ताच म्हणा! या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये. पांढरी चादर, मेणबत्त्या, लाल नॅपकिन, प्रत्येक ताटापुढं एक लाल टोपी. आणि मधे पाटी, 'वेलकम ठोंबरे फॅमिली'. मी खुर्च्या मोजल्या. (तीस वर्षं तेच केलं होतं.) पंचवीस.

त्या क्षणी मला कळलं, पॅक्स म्हणजे माणसं.

"बाकीचे मागून येतायत ना, सर?" मॅनेजरनं विचारलं.

दारातली रांग आमच्याकडे बघत होती. लेकुरवाळ्या बाया, उन्हानं लाल झालेली पोरं, सगळी. आता सरळ सांगायचं की साहेब, चूक झाली, आम्ही सहाच आहोत. एका वाक्याचं काम! पण त्या रांगेतल्या लोकांना मी आत्ताच ढकलून आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "येतायत! येतायत! घाटात अडकलेत जरा."

सुमननं डोळे मिटून घेतले.

आम्ही सहा जण एका टोकाला बसलो. पुढं एकोणीस रिकाम्या खुर्च्या. वेटर हातात सूपचे वाडगे घेऊन ओळीनं उभे. पाच मिनिटांनी मॅनेजर आला. "सर, कुठवर आलेत?"

मी फोन कानाला लावला. "हॅलो, अण्णा! कुठं पोचलात? अजून बोरघाटातच? बरं, बरं, सावकाश या!"

"बाबा, फोन उलटा धरलाय तुम्ही," नितीन हळूच म्हणाला.

दहा मिनिटांनी मॅनेजर पुन्हा. मी पुन्हा फोन. या वेळी 'मावशीची गाडी पंक्चर झाली'. तिसऱ्या वेळी 'भाऊजींना उलट्या होतायत'. सहा वर्षांचा सराव होता, सबबी आपोआप सुचत होत्या! मधेच सांता आला, एवढं मोठं टेबल आणि एवढीशी माणसं बघून गोंधळला, आणि रिकाम्या खुर्च्यांना टाटा करून निघून गेला. माझ्या डोक्यावर कुणीतरी लाल टोपी चढवली होती. घाम थेंबाथेंबानं तिच्या कडेतून येत होता.

रुही खुर्चीवर उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "आजोबा, अण्णा कोण? आपल्याकडे अण्णा कुठं आहे?"

सूपचा वाडगा घेऊन उभा असलेला वेटर मॅनेजरकडे बघायला लागला.

आणि लविना हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून मोकळी, खदाखदा. पावसाळ्यापासून तिला असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, फजिती सार्थकी लागली! मीही हसायला लागलो. आणि हसता हसता मला दिसलं, की तिचं हसणं थांबलंय आणि खांदे मात्र अजून हलतायत.

"लविना? बाळा, काय झालं?"

ती समोरच्या खुर्च्यांकडे बघत होती. "काही नाही, बाबा. मम्मी आठवली."

नितीननं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"ती ना, दर ख्रिसमसला टेबलावर तीन खुर्च्या जास्त मांडायची," लविना म्हणाली. "तुमच्या दोघांच्या आणि आत्यांची. ताटं वाढायची नाही, पण मांडून ठेवायची. मी म्हणायचे, मम्मी, ते नाही यायचे, कशाला मांडतेस? तर म्हणायची, ऐनवेळी आले तर खुर्ची शोधायला लागू नये. मग जेवणं झाली की सगळ्यांच्या शेवटी त्या उचलायची."

मी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, माहीत नाही.

"आत्यांसाठी वेगळं भांडं काढलं होतं तिनं," लविना पुढं म्हणाली. "नवं. त्यात कधी मांसमच्छी शिजवली नाही. आत्यांना चालत नाही म्हणून तुम्ही येत नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होता ना."

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ऐंशीला आलेली बाई, पण ते बघणं असं होतं की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो.

"माझं नाव घेतलंस व्हय रं, दत्ता?"

"अक्का..."

"मला इचारलंस कदी? मी कदी म्हनले मी येनार नाय म्हनून? त्या बाईनं माज्यासाठी भांडं ठेवलं, आन मी हितं घरात बसून म्हनते, की ती मला कशी कदी बोलवत नाय!"

मी हातातली टोपी पिळत बसलो.

अक्का लविनाकडे वळली. "आन तुला तरी इचारलं का गं त्यानं? आज कुटं जायाचं व्हतं तुला?"

लविना डोळे पुसत म्हणाली, "जाऊ द्या, आत्या. बाबांनी इतकं हौसेनं..."

"बोल म्हनते ना!"

"वसईला. सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मम्मीच्या कबरीवर मेणबत्ती लावायची होती. पहिला ख्रिसमस ना, तिच्याशिवाय. पण बाबांनी पहिल्यांदाच ख्रिसमसचं नाव काढलं... नाही कसं म्हणू?"

नितीन ताटाकडे बघत होता. हेच तो फोनवर सांगत होता आणि मी त्याला गप बसवलं होतं.

मी उठलो आणि मॅनेजरकडे गेलो. "साहेब, कुणीही घाटात अडकलेलं नाही. आम्ही एवढेच आहोत. चूक माझी आहे. पॅक्सचा अर्थ मला माहीत नव्हता." तो काही रागावला नाही. त्यानं रांगेतली माणसं आत सोडली, आणि बघता बघता त्या एकोणीस खुर्च्या भरल्या. आम्ही निघालो तेव्हा ज्या माणसाला मी दारात ढकललं होतं, तो माझ्याच खुर्चीवर बसून माझंच सूप पीत होता. त्यानं मला हात केला.

"आता कुठं, बाबा?" ईकोत बसल्यावर नितीननं विचारलं.

मी लविनाकडे बघितलं. पहिल्यांदाच विचारलं. "कुठं जायचं, बाळा?"

"आता? इतक्या लांब? आत्यांना झेपेल?"

"मला इचार ना. मला झेपंल," मागून अक्का म्हणाली.

खोपोलीत वडापाव आणि केळी घेतली आणि ती गाडीतच खाल्ली. तेच आमचं ख्रिसमसचं जेवण. हॉटेल कुणी निवडलं नाही, वही कुणी काढली नाही, आणि अक्काचा गुरुवारही मोडला नाही. वाटेत लविना आईबद्दल बोलत होती. न थांबता. पनवेल गेलं, ठाणं गेलं, घोडबंदरला गाड्यांची ही गर्दी, आणि ती बोलतेच आहे. आईला सायकल कशी येत नव्हती, फुग्याचं पीठ आंबवताना ती त्याच्याशी कशी गप्पा मारायची, शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलात नर्सलाच कशी चहा विचारायची. चार महिने जे आत कोंडलं होतं ते सगळं. सुमन तिचा हात धरून बसली होती. रुही माझ्या मांडीवर झोपली होती. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझ्या चेहऱ्याचं काय चाललंय ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

"बाबा, तुम्हाला आवडायचे का हो तिचे फुगे?" लविनानं मधेच विचारलं. "ती दर वर्षी विचारायची. मी सांगायचे, हो, आवडतात. पण मला माहीत नव्हतं."

"अर्धा डबा मी एकटा खायचो," मी म्हणालो. "चोरून."

लविनानं झोपलेल्या रुहीचे केस मागं सारले. मग म्हणाली, "सांगायला हवं होतं तिला."

हो. हवं होतं.

वसईला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चर्चच्या मागं दफनभूमी. लविना आणि नितीन दारातल्या बाईकडून मेणबत्त्या आणि फुलं घेत होते, सुमन आणि अक्का हळूहळू येत होत्या. मला थांबवेना. सहा वर्षं उशीर झालेल्या माणसाला शेवटची दोन मिनिटं काढता येत नाहीत. मी पुढं गेलो. नव्या कबरींची ओळ कडेलाच होती. एका मातीच्या उंचवट्यावर लाकडी क्रूस होता, त्याला झेंडूचा हार होता. क्रूसावरची अक्षरं दिसेनात, डोळ्यांत पाणी होतं. पण मन म्हणालं, हीच.

मी चपला काढल्या. हात जोडले. आणि आयुष्यात जे कधी कुणापुढं बोललो नाही ते बोललो. म्हटलं, विहीणबाई, मी ठोंबरे. आलो. पोट कधीच दुखत नव्हतं. गाय तर विकली होती. मला भीती वाटायची हो, दुसरं काही नाही. अक्काचं नाव खोटं सांगितलं. फुगे फार छान व्हायचे. तुमच्या पोरीला मी चार महिन्यांत एकदा जवळ घेऊन विचारलं नाही, की बाळा, कशी आहेस. आता विचारीन. मला माफ करा. असं बरंच. गुडघ्यावर बसलो, मातीला हात लावला आणि लहान पोरासारखा रडलो.

मागं पावलं वाजली. लविना हातात मेणबत्ती घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ओठ मात्र घट्ट मिटले होते, हसू दाबताना मिटतात तसे. तिनं वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे फ्रान्सिस अंकल. आमच्या शेजारचे. मम्मी त्या पलीकडे आहे."

मग मी चपला हातात घेऊन पलीकडे गेलो. लविनानं मेणबत्ती लावली, अक्कानं फुलं वाहिली, सुमननं डोकं टेकवलं. मी हात जोडून उभा राहिलो, पण मला एक शब्द सुचेना. जे होतं नव्हतं ते सगळं फ्रान्सिस अंकलना सांगून झालं होतं.

सहा वर्षं त्या बाईंनी आग्रहानं बोलावलं, तेव्हा गेलो नाही. आणि शेवटी गेलो, तोही शेजाऱ्यांच्या घरी!